आकृतीतली अक्षरं कोणी लिहायची?

पावसाळ्यात नाणेघाटात गेलात (आणि जाणार नाही असा हॉस्टेलवाला अजून जन्मायचा आहे!) तर भजी खाण्याआधी घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात पाच मिनिटं डोकवा. जुन्नर तालुक्यातल्या या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती भिंतीवर कोरलेल्या होत्या. दोन हजार वर्षांत त्या मूर्ती जवळजवळ नाहीशा झाल्या. पण त्यांच्या डोक्यावर ब्राह्मी लिपीत नावं कोरलेली होती, त्यातली बरीचशी आजही वाचता येतात. सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, एक महारठी, काही राजकुमार. तिथे कोण उभं होतं हे आज आपल्याला कळतं ते केवळ त्या लेबलांमुळे. आकृती गेली, लेबल राहिलं.

आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टांत बरोबर उलटं होतं. लायब्ररीत मागच्या बॅचेसचे काळे-निळे बाइंडिंगचे रिपोर्ट आहेत, ते एकदा चाळून बघा. ब्लॉक डायग्रामचे चौकोन एकदम ठणठणीत, बाण सरळ, आणि चौकोनांच्या आत काय लिहिलंय ते मुंगीलासुद्धा वाचता येणार नाही. व्हायव्हाला एक्स्टर्नल बोट ठेवून विचारतात, "हा कुठला ब्लॉक?" आणि ज्याने आकृती काढली तो नेमका त्या दिवशी शेजारी उभा नसतो. लेबल नसलेली आकृती म्हणजे नुसती नक्षी. म्हणून या लेखाचा विषय एवढाच: लाटेकमध्ये रिपोर्ट लिहून त्याची पीडीएफ करताना आकृतीतली अक्षरं कशी सांभाळायची.

(एक सूचना. मराठी विभागात रोमन अक्षर नको हा आपल्या संपादक मंडळाचा नियम, म्हणून कमांडची नावं कानाला येतात तशी देवनागरीत लिहिली आहेत. कॉम्प्युटरवर टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायची.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. लाटेक म्हणजे रबराचं लेटेक्स नव्हे. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ मध्ये टेक नावाची अक्षरजुळणीची प्रणाली लोकांपुढे आणली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात त्यावर लाटेक बांधलं. पुढे १९९०च्या दशकात हान थे थान या व्हिएतनामी विद्यार्थ्याने थेट पीडीएफ देणारं पीडीएफटेक तयार केलं. होय, विद्यार्थ्याने! वर्डमध्ये आपण पान रंगवत बसतो. लाटेकला आपण फक्त मजकूर आणि सूचना देतो, पान ते रचतं. समीकरणं इतकी देखणी येतात की चुकीचं समीकरणसुद्धा बरोबर वाटायला लागतं.

आता उदाहरण घेऊ, आणि ते आपल्या शेजारचंच. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यभागात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर पसरलेल्या आहेत. सगळ्यात दूरच्या दोन अँटेनांमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. आमच्या ग्रुपला या मांडणीची आकृती दोनदा हवी होती. एकदा इंग्रजी रिपोर्टात, दोन कॉलमच्या पानावर. दुसऱ्यांदा मराठी पोस्टरवर. राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं, तिथे आसपासच्या शाळांची मुलं आणि गावकरी येतात. त्यांच्या शेताच्या बांधापलीकडे जी अँटेना उभी आहे तिचं नाव त्यांना पोस्टरवर सापडलं पाहिजे, नाहीतर पोस्टर लावायचंच कशाला?

या अँटेनांची नावं बघा. मधल्या चौदांची नावं सी ०० ते सी १४. मोजलीत? शून्यापासून चौदापर्यंत पंधरा होतात. कारण सी ०७ नावाची अँटेनाच नाही! पश्चिम भुजेवर डब्ल्यू ०१ ते डब्ल्यू ०६ आहेत. पूर्वेला मात्र ई ०२ ते ई ०६, म्हणजे ई ०१ नाही. दक्षिणेला एस ०१ ते एस ०४ आणि मग एकदम एस ०६. ज्या सॉफ्टवेअरला "ठिपक्यांना ओळीने नंबर टाक" असं सांगाल ते मुकाट्याने सी ०७ पण टाकेल आणि पुढच्या सगळ्यांची नावं एकेकाने सरकतील. आकृती दिसायला सुंदरच राहील. लेबल ही सजावट नसून माहिती आहे, आणि ती हाताने तपासता आणि दुरुस्त करता आली पाहिजे, हे मला तिथे पटलं.

आता नेहमीची पद्धत बघू. कुठल्यातरी सॉफ्टवेअरमध्ये आकृती काढायची, स्क्रीनशॉट घ्यायचा, इन्क्लूडग्राफिक्सने चिकटवायचा. समजा स्क्रीनशॉट ८०० पिक्सेल रुंद आहे आणि पानावर १६ सेंटिमीटरमध्ये बसवला. एका इंचात १२७ पिक्सेल आले. दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षराच्या वाट्याला जेमतेम दहा पिक्सेल. दहा ठिपक्यांत अक्षर कसंबसं दिसतं, पण शेजारी लाटेकची धारदार अक्षरं असली की हे झेरॉक्सची झेरॉक्स वाटतं. त्यात जेपेग असेल तर अक्षरांभोवती धुरकट ठिपके येतात, कारण जेपेग फोटोंसाठी आहे, अक्षरांच्या कडांसाठी नाही. म्हणून पहिला नियम: रेषांची आकृती व्हेक्टर पीडीएफमध्येच काढा. फोटो असेल तरच जेपेग.

पण व्हेक्टर केलं की सुटलो, असं नाही. इथेच बरेच जण फसतात. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये ग्राफ काढला तर तो आपोआप ६.४ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच येतो, अक्षरं १० पॉइंटची. दोन कॉलमच्या पानावर एक कॉलम सुमारे साडेतीन इंचांचा असतो. लाटेक ग्राफ दाबून त्यात बसवतं, म्हणजे सगळं ०.५५ पट होतं. १० पॉइंटची अक्षरं झाली साडेपाच पॉइंटची. औषधाच्या बाटलीवरची एक्स्पायरी डेट वाचता येत असेल तर हेही वाचता येईल! उपाय अगदी सोपा आहे. आकृती पहिल्यापासून ज्या मापात छापायची त्याच मापात काढा. कॉलमची रुंदी किती हे लाटेकलाच विचारा: मजकुरात बॅकस्लॅश द, बॅकस्लॅश कॉलमविड्थ असं लिहिलं की आकडा पॉइंटमध्ये छापला जातो. त्याला ७२.२७ ने भागा, इंच मिळतील. लाटेकचा पॉइंट इंचाला ७२.२७ असतो, ७२ नाही.

माप जमलं तरी अक्षराचं वळण उरतंच. रिपोर्ट एका फॉन्टमध्ये, आकृती दुसऱ्या. समीकरणात लॅम्डा तिरका आणि नाजूक, आकृतीत तोच लॅम्डा उभा आणि जाडा. वाचणाऱ्याला क्षणभर वाटतं की हे दोन वेगळे लॅम्डा असावेत. या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच आहे: अक्षरं आकृतीच्या सॉफ्टवेअरने लिहिली. रेषा त्याला काढू द्या, अक्षरं मात्र लाटेकला लिहू द्या. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे, बाकी नुसता तपशील.

ही कल्पना जुनीच आहे. पीएसफ्रॅग नावाचं पॅकेज होतं (आहे). आकृतीत ए, बी असे खुणेचे शब्द टाकायचे आणि लाटेकमध्ये सांगायचं की ए च्या जागी अमुक समीकरण लिही. पण ही अदलाबदल पोस्टस्क्रिप्टच्या टप्प्यावर होते. आजकाल आपण पीडीएफलाटेक वापरतो, त्यात पोस्टस्क्रिप्टचा टप्पाच नाही, त्यामुळे आकृतीत ए आणि बी तसेच्या तसे छापून येतात. कुठल्या जुन्या सरांनी पीएसफ्रॅग सुचवलं तर मान डोलवा आणि पुढचा परिच्छेद वाचा.

इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. २०१० साली आलेल्या ०.४८ आवृत्तीपासून त्यात एक छान सोय आहे. आकृती पीडीएफ म्हणून सेव्ह करताना एक चौकट येते, त्यात "पीडीएफमधून मजकूर वगळा आणि लाटेक फाइल तयार करा" अशा अर्थाचा पर्याय असतो. तो निवडला की दोन फाइली मिळतात. एक पीडीएफ, तिच्यात फक्त रेषा आणि ठिपके, एकही अक्षर नाही. दुसरी मजकुराची, तिच्या नावाच्या शेवटी पीडीएफ अंडरस्कोअर टेक असतं, आणि तिच्यात कुठलं अक्षर कुठे ठेवायचं ते लिहिलेलं असतं. रिपोर्टात इन्क्लूडग्राफिक्सऐवजी ही दुसरी फाइल इनपुट करायची. त्याआधी डेफ वापरून एसव्हीजीविड्थला हवी ती रुंदी द्यायची, बस. ही दुसरी फाइल पहिलीला आपोआप ओढून आणते. अक्षरं तुमच्याच फॉन्टमध्ये, समीकरणं तुमच्याच वळणाची. इंकस्केपमध्ये डॉलरच्या चिन्हांत लॅम्डा लिहिलात तर पानावर खराखुरा लाटेकचा लॅम्डा उमटतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रूममेटला झोपेतून उठवून दाखवलं. तिने कूस बदलली.

थोड्या खाचाखोचा आहेत. इंकस्केपमध्ये अक्षर १२ चं ठेवा की ४० चं, लाटेक ते विचारात घेत नाही. ते आपल्या चालू मापात लिहितं. लहान हवं असेल तर इनपुटच्या आधी फुटनोटसाइझ लिहा. अक्षराची जागा मात्र जशीच्या तशी येते, आणि ती डावीकडून, मधून की उजवीकडून धरलेली आहे हेही येतं. म्हणून चौकोनाच्या आतलं लेबल मध्यावर धरलेलं असावं, नाहीतर शब्दाची लांबी बदलली की ते चौकोनाबाहेर पाय काढतं. आकृतीची रुंदी निम्मी केली तर रेषा निम्म्या होतात पण अक्षरं तेवढीच राहतात. हाच तर फायदा, पण गर्दीही यातूनच होते. आणि अंडरस्कोअर, टक्क्याचं चिन्ह, अँड हे तिघं लाटेकचे राखीव लोक. लेबलमध्ये सी अंडरस्कोअर ०६ असं लिहिलंत की "मिसिंग डॉलर इन्सर्टेड" ही सुप्रसिद्ध आरोळी ऐकू येणार. टक्का त्याहून वाईट, कारण त्याच्यापुढचं सगळं लाटेक गिळून टाकतं. तिघांच्याही आधी बॅकस्लॅश द्या. ती दुसरी फाइल हाताने कधीच सुधारू नका. पुढच्या वेळी सेव्ह केलं की तुमची मेहनत पुसली जाते. दुरुस्ती नेहमी मूळ आकृतीत.

गर्दीचं म्हणाल तर जीएमआरटीचीच आकृती घ्या. ९ सेंटिमीटरच्या कॉलममध्ये २५ किलोमीटर बसवायचे म्हणजे एक किलोमीटरला साडेतीन मिलिमीटर मिळतात. तेवढ्यात १४ अँटेनांची लेबलं! एक ओळच जवळजवळ तेवढ्या उंचीची असते. (४५ मीटरची अँटेना या प्रमाणात काढली तर ती ०.१६ मिलिमीटर होते, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढीही नाही.) कुठलंही पॅकेज इथे चमत्कार करू शकत नाही. दोन आकृत्या कराव्या लागतात: एक संपूर्ण वाय, त्यात मधल्या भागाला नुसता चौकोन, आणि शेजारी त्या चौकोनाचं मोठं चित्र. लेबल वाचता येणार नसेल तर अक्षर बारीक करत बसण्यापेक्षा आकृतीचं प्रमाण बदला.

आकृती साधी, चौकोन आणि बाणांची असेल तर इंकस्केपही नको. टिल टांटाऊ यांचं टिक्झ हे पॅकेज लाटेकच्या आतच आकृती काढतं, त्यामुळे अक्षरं कोणी लिहायची हा प्रश्नच उद्भवत नाही. सिव्हिलवाल्या मित्रांना कुकडी प्रकल्पाची आकृती लागली होती. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे ही चार धरणं जुन्नर तालुक्यात, पाचवं डिंभे आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर. डिंभ्याच्या डाव्या कालव्यातून पाणी येडगावला येतं. पाच चौकोन आणि मोजके बाण, टिक्झमध्ये वीसेक ओळींचं काम. चौकोन आतल्या शब्दाच्या मापाने आपोआप मोठा होतो. पिंपळगाव जोगे लांब, वडज आखूड, काही फरक पडत नाही. मोठ्या नकाशाला मात्र टिक्झ वापरू नका, माउसने पाच मिनिटांत होणारं काम आकड्यांनी करण्यात रात्र जाते.

त्यांच्याच नकाशात एक वेगळा पेच होता. आंबेगाव हे लेबल कुठे लिहायचं? आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचं नाव आंबेगावच राहिलं, पण कचेरी घोडेगावला आहे. तालुक्याचं नाव मोठ्या विरळ अक्षरांत मधोमध पसरायचं आणि जलाशयावर गावाचं नाव तिरप्या बारीक अक्षरांत वेगळं द्यायचं, असं ठरलं. इंकस्केपमधलं तिरपं आणि ठळक वळण लाटेकपर्यंत पोचतं, त्यामुळे हे जमलं. नकाशा चित्र म्हणून चिकटवलेला असता तर हा एक शब्द बदलायला अख्खा नकाशा पुन्हा काढावा लागला असता, आणि मग तो बदल कोणी केलाच नसता.

आता मराठी लेबलं. आमची खरी परीक्षा इथे होती. पीडीएफलाटेकला देवनागरीची जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. त्यासाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरा. फॉन्टस्पेक पॅकेज घ्या, नोटो सेरिफ देवनागरीसारखा फॉन्ट निवडा आणि स्क्रिप्ट म्हणून देवनागरी असं स्पष्ट सांगा. लुआलाटेकमध्ये रेंडरर म्हणून हार्फबझ हेही सांगावं लागतं. हे विसरलात तर गंमत होते. जुन्नरचं जुन्‌नर होतं. शिवनेरीची वेलांटी श च्या आधी न येता नंतर येते आणि किल्ला शविनेरी वाचला जातो. माणिकडोहचं माणकिडोह. आणि खरा घोटाळा पुढेच आहे: खोडद, नारायणगाव, घोडेगाव, आंबेगाव, येडगाव, वडज यांपैकी एकातही जोडाक्षर नाही की पहिली वेलांटी नाही. ही सगळी नावं बिघडलेल्या व्यवस्थेतसुद्धा अगदी बरोबर उमटतात! म्हणून खोडद लिहून बघितलं, छान आलं, असं म्हणून पोस्टर छापायला देऊ नका. चाचणीला लेण्याद्री, पिंपळगाव आणि जुन्नर घ्या. ते तीन बरोबर आले की फॉन्ट नीट लागला म्हणायचं.

इंग्रजी रिपोर्ट आणि मराठी पोस्टर अशा दोन आकृत्या सांभाळायच्या नसतील तर एक युक्ती सांगते. इंकस्केपमध्ये गावाचं नाव लिहूच नका. तिथे बॅकस्लॅश देऊन आपली एक कमांड लिहा, समजा बॅकस्लॅश गावखोडद (नावात आकडे चालत नाहीत, फक्त अक्षरं). इंग्रजी रिपोर्टात त्या कमांडचा अर्थ इंग्रजी नाव, पोस्टरमध्ये मराठी नाव. आकृती एकच. अँटेना तीच, ठिपके तेच, सी ०७ दोन्हीकडे नाही. चूक सापडली तर एकाच ठिकाणी दुरुस्त होते. मॅटप्लॉटलिबच्या ग्राफांनाही हे करता येतं: त्याचं पीजीएफ बॅकएंड घ्या आणि टेकसिस्टिम म्हणून झीलाटेक सांगा, मग अक्षरं लाटेकच लिहितं. नुप्लॉटवाल्यांनी केरोलाटेक हे टर्मिनल बघावं, ऑक्टेव्हवाल्यांनी प्रिंट करताना पीडीएफलाटेकचा पर्याय.

सगळं झालं की पीडीएफ पेन ड्राइव्हवर टाकून दुकानात धावण्याआधी टर्मिनलवर पीडीएफफॉन्ट्स ही कमांड चालवा. फाइलमधल्या प्रत्येक फॉन्टची यादी येते. एम्बेडेडच्या रकान्यात एकही "नो" असता कामा नये. असला तर दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसल्यास तुमचं अक्षर त्याच्या मर्जीने बदलतं. प्रकाराच्या रकान्यात टाइप थ्री दिसलं तर ते बहुधा मॅटप्लॉटलिबचं. त्याच्या सेटिंगमध्ये पीडीएफ डॉट फॉन्टटाइप ४२ करा. कॉन्फरन्सला पेपर पाठवणाऱ्यांनी हे आवर्जून करावं, कारण फॉन्ट एम्बेड नसलेली फाइल आय-ट्रिपल-ई परत पाठवते, तीही बहुतेक शेवटच्या रात्री.

मग आकृतीचं एकच पान छापून घ्या. प्रिंटच्या चौकटीत "फिट टु पेज" काढून शंभर टक्के ठेवा, नाहीतर आतापर्यंत इंच मोजले ते सगळं पाण्यात. पान हातभर अंतरावर धरा आणि ज्याला तुमच्या प्रोजेक्टचं ओ की ठो माहीत नाही अशा कोणाला तरी लेबलं मोठ्याने वाचायला सांगा. आम्ही मेसच्या मावशींना सांगितलं. त्या चष्मा न लावता खोडद, नारायणगाव, जुन्नर वाचत गेल्या, आणि मग विचारलं, "माझं गाव कुठंय यात?" ते नकाशाच्या कडेबाहेर होतं. त्याच रात्री आम्ही चौकट दोन सेंटिमीटर दक्षिणेला वाढवली. अक्षरांना हात लावावा लागला नाही.